वायरलेस हलका झाला, बॅटरी जडच राहिली

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही कर्जत मार्गावरची लागोपाठची तीन शहरे. मुंबईकर त्यांना गच्च भरलेल्या लोकल आणि परवडणारी घरे यांवरून ओळखतो. लष्कराची ओळख त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभारली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव रूढ झाले. पण पत्त्यातला ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ आजही सुटलेला नाही. अंबरनाथमध्ये स्वातंत्र्यानंतर अलोह धातूंचे काम करणारी आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हा पहिली ‘यंत्र इंडिया’कडे आणि दुसरी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे गेली. आणि शीळ-बदलापूर रस्त्यावर डीआरडीओची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झालेल्या रासायनिक आणि धातुशास्त्रीय प्रयोगशाळेची ती आजची आवृत्ती.

याच प्रयोगशाळेत पाणबुडीला आठवडेच्या आठवडे वीज पुरवू शकेल असा इंधनघट तयार झाला आहे. त्यातून एक साधा प्रश्न पुढे येतो. पाणबुडीसाठी जे जमले, ते पाठीवर वायरलेस घेऊन डोंगर चढणाऱ्या जवानासाठी का जमू नये? उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी देऊन भागत नाही. त्यासाठी जवानाच्या विजेचा हिशेब मुळापासून तपासावा लागतो.

संच किती वीज खातो?

भारतीय सैन्याचे सिग्नल्स दल १५ फेब्रुवारी १९११ रोजी उभे राहिले. तेव्हापासून आजपर्यंत मैदानी दळणवळणाची साधने सतत लहान होत आली. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग चिप आली. महायुद्धातल्या पाठीवरच्या संचाला शंभरहून अधिक व्होल्टची कोरडी बॅटरी लागे आणि वाहनातल्या संचाला मोटारीसारखी आम्लाची. आजच्या संचाचे इलेक्ट्रॉनिक्स तळहातावर मावते. पण हवेत लहरी सोडायला लागणारी ऊर्जा चिप लहान केल्याने कमी होत नाही. दरीपलीकडच्या चौकीपर्यंत आवाज पोचवायचा तर अँटेनातून ठरावीक वॉट बाहेर पडलेच पाहिजेत.

वायरलेस संचाची बॅटरी किती तास टिकेल हे सांगताना उत्पादक सहसा एक प्रमाण धरतात: दहा मिनिटांत एक मिनिट बोलणे, एक मिनिट ऐकणे आणि आठ मिनिटे नुसते कान देऊन बसणे. समजा, एखादा मॅनपॅक, म्हणजे पाठीवर न्यायचा, संच बोलताना बॅटरीतून ३० वॉट ओढतो, ऐकताना ६ आणि शांत असताना ४. या प्रमाणाने सरासरी निघते ६.८ वॉट. घरातल्या एलईडी दिव्याइतकी ही भूक क्षुल्लक वाटते. पण २४ तासांत ती १६३ वॉट-तास होते आणि तीन दिवसांच्या गस्तीत सुमारे ४९०. यात गंमत अशी की निम्मी वीज नुसते कान देण्यात जाते. म्हणजे संच विकत घेताना तो किती दूर बोलतो एवढेच पाहणाऱ्याने तो गप्प असताना किती खातो, हे आधी पाहिले पाहिजे.

शिवाय ही भूक एकट्या संचाची. रात्री पाहण्याची दुर्बीण, लेझर अंतरमापक, जीपीएस, टॅबलेट, डोक्यावरचा दिवा आणि आता तुकडीबरोबर असणारे छोटे ड्रोन हे सगळे त्याच पाठीवरच्या विजेवर जगतात.

बॅटरीच्या पिढ्या

४९० वॉट-तास साठवायला किती वजन लागेल? शिसे-आम्लाची बॅटरी किलोमागे ३० ते ४० वॉट-तास देते. म्हणजे सुमारे १४ किलो. सध्याच्या लिथियम-आयन पॅकमधून, कवच आणि आतले नियंत्रक सर्किट धरून, किलोमागे १५० वॉट-तास मिळतात असे मानले तर सव्वातीन किलो. फरक मोठा आहे, आणि १९६२ च्या चीन युद्धात तो नसल्याची किंमत सैन्याने मोजली. नामका चू नदीकाठच्या ७ ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक १९६९ मध्ये आले. त्या आघाडीवर शस्त्रे, गरम कपडे आणि रसद यांच्या बरोबरीने दळणवळणाची साधनेही तोकडी होती. डोंगरात चार्जिंगचे इंजिन, त्याचे तेल आणि आम्लाच्या बॅटऱ्या हमालांच्या पाठीवरून न्यायच्या म्हणजे संचापेक्षा त्याच्या पोटाचीच रसद मोठी.

यावर जगभर एक उत्तर निघाले: वापरून टाकून देण्याची बॅटरी. चार्जिंगची भानगड नाही, गोदामात वर्षानुवर्षे टिकते. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे ‘बेल’ने, १९७९ मध्ये पुण्यात प्रतिमा-परिवर्तक नळ्यांसाठी कारखाना सुरू केला होता, तिथेच १९८१ मध्ये मॅग्नेशियम-मँगनीज डायऑक्साइड बॅटऱ्यांचे उत्पादन सुरू झाले. मॅग्नेशियम उष्ण गोदामातही फारसे उतरत नाही, हा त्याचा गुण. अमेरिकी सैन्याने पुढे लिथियम-सल्फर डायऑक्साइडची ‘५५९०’ नावाची एक किलोची बॅटरी स्वीकारली आणि तीच डझनावारी वेगवेगळ्या उपकरणांत बसवली. तिच्याच आकाराची, पुन्हा चार्ज होणारी ‘२५९०’ ही लिथियम-आयन आवृत्ती नंतर आली. यातला खरा शहाणपणा रसायनात नव्हता. डबा एक, कनेक्टर एक, उपकरणे अनेक, हे त्यांनी आधी ठरवले. या मुद्द्याकडे पुढे परत यायचे आहे.

थंडी आणि उंची

कागदावरचे सव्वातीन किलो लडाखमध्ये खरे ठरत नाहीत. उणे वीस अंशांत लिथियम-आयन सेलची क्षमता चांगलीच उतरते. ती साठ टक्क्यांवर आली असे धरले तर त्याच तीन दिवसांसाठी साडेपाच किलोच्या आसपास ओझे लागेल. त्याहून मोठी अडचण चार्जिंगची. शून्याखाली जबरदस्तीने चार्ज केले तर लिथियम धातूचा थर इलेक्ट्रोडवर चढतो. सेल कायमचा खराब होतो आणि आत शॉर्ट झाला तर पेटू शकतो. म्हणून चार्ज करण्याआधी बॅटरी उबदार करावी लागते, आणि उबेलाही वीजच लागते.

जनरेटर हा दुसरा पर्याय. पण साडेचार हजार मीटरवर हवा विरळ असल्याने साध्या इंजिनाची ताकद निम्म्याच्या दिशेने घसरते. त्याचा आवाज दरीत लांब जातो, आणि गरम धुराडे उष्णतेवर पाहणाऱ्या कॅमेऱ्याला रात्री चटकन दिसते. शिवाय वर जाणारा प्रत्येक डिझेलचा डबा ट्रकने, खेचराने किंवा हेलिकॉप्टरने जातो.

सौर पॅनेलचे उंचीवर चांगले जमते. हवा स्वच्छ, ऊन प्रखर आणि थंडीत पॅनेलचे व्होल्टेज थोडे वाढते. पण सूर्य रात्री नसतो, बर्फवादळात नसतो आणि गस्त चालू असताना पॅनेल पसरून बसायला वेळ नसतो. म्हणून सौर वीज चौकीची, चालत्या जवानाची नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्व लडाखमधल्या चुशूल इथे एनटीपीसी आणि सैन्याने मिळून सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिडचे काम सुरू केले. सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, दिवसा उन्हातून हायड्रोजन बनवायचा आणि रात्री इंधनघटातून वीज घ्यायची, अशी ही २०० किलोवॉटची योजना. डिझेलचे ओझे उतरवायचे तर सुरुवात चौकीपासून करायची, ही त्यामागची दिशा बरोबर आहे.

अंबरनाथचा इंधनघट

इंधनघटात इंधन जळत नाही. हायड्रोजन एका बाजूने, ऑक्सिजन दुसऱ्या बाजूने आणि मधे विद्युत-अपघट्य, म्हणजे इलेक्ट्रोलाइट. वीज बाहेर पडते आणि मागे पाणी उरते. बॅटरीत ऊर्जा आणि यंत्र एकाच डब्यात कोंबलेले असते; इंधनघटात यंत्र एकदा न्यायचे आणि नंतर फक्त इंधन वाढवायचे. त्यामुळे काम जितके लांब, तितका त्याचा फायदा मोठा.

अंबरनाथच्या प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट निवडला. आम्ल सिलिकॉन कार्बाइडच्या सच्छिद्र थरात धरलेले असते, इलेक्ट्रोडवर प्लॅटिनमचा उत्प्रेरक असतो आणि घट १५० ते २०० अंश सेल्सियसवर चालतो. या तापमानाचा एक फायदा आहे: हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची थोडी भेसळ असली तरी घट ती पचवतो. मोटारीत वापरतात त्या प्लास्टिक-पटलाच्या घटाला तीच भेसळ अगदी अत्यल्प प्रमाणातही मानवत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये रस्त्यावर आणलेली हायड्रोजन बस या दुसऱ्या जातीची.

हायड्रोजन आणायचा कुठून? पाणबुडीत त्याच्या टाक्या भरून ठेवणे धोक्याचे. म्हणून तो जागीच तयार करायचा: सोडियम बोरोहायड्राइड पाण्यात विघटित केले की हायड्रोजन सुटतो. रसायनाच्या हिशेबाने एका किलोमधून सुमारे २१३ ग्रॅम हायड्रोजन निघतो, आणि चाळीस टक्के कार्यक्षमता धरली तर त्यातून पावणेतीन युनिट वीज. लिथियमच्या पॅकमधून किलोमागे युनिटचा सहावा भागही मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या वाटेचे आकर्षण कळते.

८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेचा जमिनीवरचा नमुना कसोटीला उतरल्याचे डीआरडीओने जाहीर केले. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या त्यातल्या उद्योग-भागीदार. जानेवारी २०२३ मध्ये कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत ही यंत्रणा बसवण्यासाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी करार झाला. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव गोदीला त्यासाठीचा जोडभाग बांधून बसवण्याचे सुमारे १,९९० कोटी रुपयांचे काम दिले. खांदेरी हे शिवकाळातल्या जलदुर्गाचे नाव धारण करणारी पाणबुडी याच वर्गातली.

मग हाच घट जवानाच्या पाठीवर का नको? कारण त्याचे जे गुण पाणबुडीत कामी येतात, तेच पाठीवर अडचण होतात. दीडशे अंशांवर चालणारे यंत्र पाठीला बांधता येत नाही. शुद्ध फॉस्फोरिक आम्ल साधारण ४२ अंशांखाली गोठते. म्हणजे घट बंद असतानाही त्याला ऊब द्यावी लागते, आणि उणे वीसमध्ये गार पडलेला घट पुन्हा चालू करायला वेळ आणि ऊर्जा दोन्ही जातात. बोरोहायड्राइडला पाणी लागते, आणि वापर झाल्यावर मागे बोरेटचा क्षार उरतो. तो कुठे टाकायचा हाही प्रश्नच.

पाठीवरच्या कामासाठी जगात दुसरी वाट चोखाळली गेली: मिथेनॉलचा इंधनघट. जर्मनीच्या एसएफसी कंपनीचा २५ वॉटचा छोटा घट सुमारे पावणेदोन किलोचा आहे आणि मिथेनॉलचे साधारण ३७० ग्रॅमचे डबडे ४०० वॉट-तास देते. वरचाच हिशेब पुढे नेला तर तीन दिवसांच्या गस्तीला घट आणि इंधन मिळून सव्वादोन किलो. लिथियमपेक्षा एखादा किलो कमी. दहा दिवसांसाठी मात्र लिथियमला अकरा किलो लागतात आणि मिथेनॉलच्या जोडीला सव्वातीन. म्हणजे दोन-तीन दिवसांच्या गस्तीत नवी यंत्रणा, नवे इंधन आणि नवी देखभाल घेण्याइतका फायदा नाही. आठवडाभर टेहळणी करत एका जागी दडून बसणाऱ्या तुकडीला तो नक्की आहे.

यातून एक वाटणी स्वच्छ दिसते. चालत्या जवानाला लिथियम. दूर राहणाऱ्या लहान तुकडीला मिथेनॉल. आणि चौकी, रडार, रिले केंद्र किंवा फिरते कमांड वाहन यांना अंबरनाथच्या जातीचा, काही किलोवॉटचा घट. त्याची उष्णताही तिथे वाया जात नाही. बंकर आणि बॅटऱ्या उबदार ठेवायला तीच हवी असते. पाण्याखालून वर आलेल्या या तंत्राची जमिनीवरची जागा पाठीवर नाही, चौकीवर आहे.

नव्या साधनांची नवी भूक

दळणवळणाची बाजूही वेगाने बदलते आहे. सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ, म्हणजे एसडीआर, एकाच संचातून आवाज, नकाशा आणि चित्र पाठवतात आणि संचच एकमेकांचे रिले होतात. नौदलासाठी अशा संचांचा एक हजार कोटींहून अधिक रकमेचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘बेल’शी झाला. पण जो संच दुसऱ्यांची माहिती पुढे ढकलतो, तो गप्प बसूच शकत नाही. कान देऊन बसण्याचे आठ मिनिटांचे प्रमाण इथे कोसळते आणि बॅटरीचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

उपग्रहाचेही तसेच. सैन्यासाठीच्या जीसॅट-७बी उपग्रहाचा २,९६३ कोटींचा करार मार्च २०२३ मध्ये न्यू स्पेस इंडियाशी झाला. युक्रेनच्या युद्धाने थाळीएवढ्या अँटेनाचे महत्त्व जगाला दाखवले. पण तसा एक टर्मिनल ५० ते ७५ वॉट खातो, म्हणजे दिवसाला दीड युनिटच्या आसपास. पाठीवरच्या सेटच्या आठ-दहा पट. सियाचीनमध्ये जानेवारी २०२५ पर्यंत फोर-जी आणि फाइव्ह-जी पोचले, ते जवानाच्या घरच्या फोनसाठी मोलाचे आहे. पण मनोऱ्यालाही वीज लागते आणि त्याच्या लहरी शत्रूलाही ऐकू येतात. म्हणूनच हाताने फिरवायचा मॅग्नेटो आणि दोन कोरडे सेल यांवर चालणारा तारेचा फील्ड टेलिफोन पुढच्या खंदकात अजून कालबाह्य झालेला नाही. तो वीज जवळजवळ मागत नाही आणि आपला पत्ताही सांगत नाही.

बॅटरी कुणाची?

१७ आणि १८ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये आधी पेजर आणि मग वॉकी-टॉकी फुटले. स्फोटके बॅटरीत दडवलेली होती. त्या दोन दिवसांनंतर बॅटरी हा नुसता सुटा भाग राहिला नाही; ती कुणी बनवली, कुठे भरली, कुणाच्या हातून आली हा सुरक्षेचा प्रश्न झाला. भारतात लिथियम सेल बहुतांशी बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतात. २०२५ च्या सुरुवातीला चिनी सुट्या भागांच्या कारणावरून सैन्याच्या चारशे मालवाहू ड्रोनची खरेदी रद्द झाली. ड्रोनला लावलेली चाळणी बॅटरीलाही लावायची तर देशी सेल हवेत, आणि ते येईपर्यंत निदान पॅक आणि आतले नियंत्रक सर्किट तरी आपले हवे.

दुसरा प्रश्न मानकाचा. प्रत्येक नव्या खरेदीबरोबर नवा संच, नवी बॅटरी आणि नवा चार्जर येत राहिला तर तुकडीच्या पोत्यात एकमेकांना न चालणारे चार्जर साठतात. एका संचाची बॅटरी संपली आणि दुसऱ्याची भरलेली पडून आहे, ही परिस्थिती रसायनाने सुटत नाही. ‘५५९०’चा धडा इथे आहे. सेल उद्या सुधारतील. डब्याचा आकार, कनेक्टर आणि चार्जरची भाषा आज ठरवली तर उद्याचे सेल त्याच डब्यात बसतील.

या पट्ट्यात काय होऊ शकते

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात सेल बनवण्याचे महाकाय कारखाने उभे राहतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. त्यासाठी लागणारी जागा आणि कोरडी, धूळविरहित दालने परवडणारे उद्योग वेगळे. पण सेलच्या पुढची साखळी लहान आणि मध्यम कारखान्यांच्या आवाक्यातली आहे: पॅक जोडणे, कवच, जलरोधक कनेक्टर, चार्जर, उणे तापमानातली चाचणी. धातुकामाची शिस्त अंबरनाथच्या दोन निर्माण्यांनी इथल्या कामगारांच्या पिढ्यांना दिली आहे. गंज, लेप आणि इलेक्ट्रोड यांचे ज्ञान प्रयोगशाळेत आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. अडतो तो दुवा: प्रयोगशाळेतून निघालेले तंत्र मोठ्या भागीदाराकडे जाते, शेजारच्या गाळ्यापर्यंत येत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘आयडेक्स’ योजनेतून लहान उद्योगांना थेट सैन्याची समस्या घेता येते. पण लहान कारखान्याला पहिल्या नमुन्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरची खात्री जास्त हवी असते.

ग्राहक केवळ सैन्यही नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि इतर दलांनी बाहेर काढले. अशा वेळी बचाव पथकाला लागते तीच वस्तू जवानाला लागते: भिजली तरी चालणारी, कुणाच्याही संचाला जोडता येणारी, ओळखीच्या चार्जरवर भरणारी बॅटरी. तहसील कार्यालय, अग्निशमन दल आणि सैन्य यांनी एकच डबा मागितला तर कारखान्याला बाजार मिळतो आणि डब्याची किंमत उतरते.

एक अट मात्र सोडता येणार नाही. वालधुनी अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहते, आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने तिची काय दशा झाली आहे हे इथल्या रहिवाशाला सांगावे लागत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. नव्या उद्योगाने ती पहिल्या दिवसापासून हिशेबात धरली नाही, तर सैन्याचे ओझे उतरवून ते नदीच्या पाण्यात टाकल्यासारखे होईल.

सगळा आढावा घेतल्यावर कामाचा क्रम असा लागतो. आधी एक डबा आणि एक कनेक्टर. याला संशोधन लागत नाही, निर्णय लागतो, आणि फायदा लगेच मिळतो. मग गप्प असताना कमी खाणारे संच, कारण निम्मी वीज तिथेच जाते. त्यानंतर चौकीवर इंधनघट, आणि त्यासाठी शीळ-बदलापूर रस्त्यावरच्या ज्ञानाला पाणबुडीबरोबरच डोंगरावरचाही ग्राहक मिळायला हवा. पाठीवरच्या इंधनघटाचे स्वप्न सगळ्यांत शेवटी. आजवर आपण बहुधा उलट्या टोकाने सुरुवात केली: आधी झगमगीत संच, मग त्याची बॅटरी, आणि चार्जरचा विचार कुठे झालाच तर डोंगरावर पोचल्यावर.